स्टेपनी नसलेली गाडी

९ जानेवारी, गुरुवार

शून्याखाली अकरा. वारा नाही. कोंबड्या असत्या तर आज बाहेर पडल्या असत्या, पण त्या देऊन टाकल्याला चार वर्षं झाली, तरी सकाळी उठल्यावर आधी त्यांचाच विचार येतो.

नातीचा, मारितचा, फोन आला. डॉक्टरीणबाईंनी सत्तावीस तारीख सांगितली आहे. मी पणजी होणार! दिवसभर हातून काही धड होत नाहीये. बटाटे सोलले ते किती माणसांचे कोण जाणे. आता तीन दिवस बटाटेच.

तिचा नवरा कोडी तिकडे तेलाच्या विहिरीवर. दोन आठवडे काम, दोन आठवडे घर असा त्याचा हिशेब, आणि नेमका तीस तारखेपर्यंत तो तिकडेच अडकणार. म्हणजे बाळ येईल तेव्हा मारितजवळ तिचं म्हणावं असं कोणी नाही. तिची आई, माझी लेक लोर्ना, गेली तेव्हा मारित सात वर्षांची होती. तेव्हापासून तिला मीच. मी सांगितलं, वीस तारखेला येते, बाळंतपण होईपर्यंत हलत नाही. "ये ना आजी," म्हणाली. अठ्ठ्याण्णव मैल आहेत. गाडी दारात उभी आहे, काळजी कसली.

११ जानेवारी, शनिवार

शून्याखाली एकोणीस. नाकातले केस गोठतात तसली थंडी.

गाडीतला हवेचा दिवा परत लागला. पिवळा, टायरच्या आकाराचा, मधे उद्गारचिन्ह. नोव्हेंबरात पहिल्यांदा लागला तेव्हा मी घाबरून आर्लोच्या टायरच्या दुकानात गेले होते. आर्लो म्हणाला, "काकू, थंडीत हवा आकसते. सकाळी अख्ख्या गावाचे दिवे लागतात. तीन मैल गेलं की विझतो." माझा कधी विझायचा, कधी नाही. शेवटी त्याच्यावर बोटाला लावायची चिकटपट्टी लावून टाकली. डोळ्यासमोर सारखं काही लुकलुकत असलं की मला पुढचा रस्ता दिसत नाही.

तरी ऑर्विनची सवय मी मोडलेली नाही. निघण्याआधी चारही टायरना एकेक लाथ. माझा नवरा जाईपर्यंत पंचेचाळीस वर्षं हेच करत होता, आणि बसलेला टायर लाथेला लगेच कळतो, मऊ लागतो. माझे चारही दगडासारखे टणक. मग बसले आणि टपालाला गेले.

१२ जानेवारी, रविवार

चर्चला जाऊन आले. कंबर गेली. ही गाडी दिसायला सुंदर, पण रस्त्यावरची एकेक भेग माझ्या मणक्याला कळवते. मैत्रिणीला, व्हँजीला, घेऊन गेले होते. ती म्हणाली, "अगं ऑर्डेला, ही गाडी आहे का गाडा? माझी कवळी हलली." व्हँजी मोतीबिंदूमुळे हिवाळ्यात गाडी चालवत नाही, म्हणून तिला मीच नेते-आणते, आणि म्हणून तिला तक्रारीचा हक्क आहे.

दोष गाडीचा नाही, टायरचा. गेल्या वर्षी मी चिखलात गुडघे टेकून टायर बदलला, एकटीनं, पंचाहत्तराव्या वर्षी, ते मी मारितला मोठ्या फुशारकीनं सांगितलं. तीच चूक झाली. कोडीचा चेहरा पांढरा पडला. ऑक्टोबरात दोघांनी ही गाडी आणून दिली. "आजी, आता टायर बदलायचा प्रश्नच नाही. हे हवेशिवाय पळतात. पंक्चर झालं तरी पन्नास मैल." पोरगा मनानं सोनं आहे. मी डिकी उघडून बघितली तर स्टेपनी नाही, जॅक नाही, पाना नाही. स्टेपनीच्या जागी नुसता फोमचा तुकडा. मी विचारलं, "आणि एक्कावन्नाव्या मैलाला?" तो हसला. मीही हसले. त्या खड्ड्यात मी बटाट्यांचं पोतं ठेवते. बरोबर बसतं.

१४ जानेवारी, मंगळवार

शून्याखाली सात, भुरभुर बर्फ.

लांब जायचं म्हणून ऑइल बदलायला आर्लोकडे गेले. गाडी वर चढवली, आणि तो खालूनच ओरडला, "काकू, किती दिवस ही अशी चालवताय?"

मागच्या उजव्या टायरमध्ये हा एवढा मोठा खिळा. हवा शून्य. थोडी नाही, शून्य! आणि टायर आपला ताठ उभा, लाथ मारा नाहीतर पूजा करा. त्यांच्या भिंतीच इतक्या जाड असतात की हवा असो-नसो, वरून काही कळत नाही.

"दिवा लागला नाही?" आर्लोनं विचारलं. मी चिकटपट्टी दाखवली. तो खाली बसला आणि हसला, हसता हसता डोळे पुसले. गस लिंडग्रेन तिथेच कॉफी पीत बसला होता, तो हसला नाही. गस म्हणजे माझ्या घरासमोरच्या घरातला. त्याची एस्टर गेली त्याला सहा वर्षं झाली. बोलतो कमी. त्यानं एवढंच विचारलं, "पन्नास मैल कुठून मोजायचे?"

"दिवा लागल्यापासून," आर्लो म्हणाला.

"तो तर नोव्हेंबरात लागला," मी म्हटलं.

आर्लोनं टायर काढून आत हात घातला आणि मूठभर काळा चुरा बाहेर काढला. जळक्या केकसारखा. हवेशिवाय पळून पळून आतून भुगा झालेला. ठिगळ लागत नाही. साधा टायर बसवू म्हटलं, तर एवढ्या मोठ्या चाकाचा साधासुद्धा त्याच्याकडे नाही. आणि एक बदलून चालत नाही, गाडी चारी चाकांवर ओढते म्हणून मागचे दोन्ही सारखेच हवेत. मागवावे लागतील, मिनिआपोलिसहून. चार दिवस.

"चार दिवस म्हणजे अठरा. मला वीसला निघायचंय," मी म्हटलं.

गसनं कप खाली ठेवला. "मी नेतो तुला ऑर्डेला. मला त्या बाजूला काम आहेच."

त्याला त्या बाजूला कसलंही काम नाही हे दुकानातल्या भिंतींनासुद्धा माहीत. मी म्हटलं, "छे छे, तू कशाला त्रास घेतोस." पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं असतं का कुठे! आईनं आम्हा बहिणींना हेच शिकवलं: पहिलं विचारणं रीतीचं, दुसरं भल्या माणसाचं, तिसरं खरं. तिसऱ्याला हो म्हणायचं. तोवर कॉफीसुद्धा घ्यायची नाही.

आर्लोनं मला घरी सोडलं. बटाटे गाडीतच राहिले.

१६ जानेवारी, गुरुवार

रात्रीतून फूटभर बर्फ. सकाळी उठते तर माझी वाट साफ केलेली, आणि गस फावड्यावर टेकून उभा. मी दार उघडलं. तो म्हणाला, "टायरचं काही खरं नाही ऑर्डेला. मी नेतो."

दुसरं विचारणं. मी म्हटलं, "नको रे, टायर येतीलच परवा. कॉफी घेतोस?"

"नको."

"घे की."

"नको, पिऊन आलोय."

मी तिसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात आत फोन वाजला. येऊन बघते तर तो टोपी घालून गेलेला.

१८ जानेवारी, शनिवार

टायर आले! दुपारी आर्लोचा फोन, मी चालत गेले. आणि मग सगळा आनंद फुकट. त्याचं टायर चढवायचं यंत्र त्याच्या बापाच्या वेळचं आहे. ह्या टायरच्या भिंती इतक्या ताठ की यंत्र कण्हायला लागलं. आर्लो एका बाजूनं, त्याचा मेहुणा दुसऱ्या बाजूनं, दोघं लालबुंद. पहिला कसाबसा चढला. दुसऱ्याची कड फाटली. नवाकोरा टायर! आर्लो मटकन खुर्चीत बसला. "काकू, हा माझ्या अंगावर. दुसरा मागवतो. आठवडा लागेल, रस्ते बंद आहेत तिकडचे."

त्याला मी काय बोलणार. त्याची आई आणि मी एका बाकावर शिकलो, सहावीपर्यंत, मग दोघींनाही बीट उपटायला घरी बसवलं. म्हटलं असू दे पोरा.

आठवडा म्हणजे पंचवीस.

येताना गसचं दार दिसलं. तिसऱ्यांदा विचारेल आता. टायर फाटल्याचं गावात एव्हाना सगळ्यांना कळलं असणार.

१९ जानेवारी, रविवार

चर्चला गस दोन बाकं पुढे होता. प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी. सगळ्या बायका विचारत होत्या, "मग गस नेतोय ना तुला?" मी म्हणत होते, "बघू." पाद्रीबाई म्हणाल्या, "आम्हीच म्हणणार होतो, पण गसनं विचारलंय म्हणे, मग आम्ही कसं मधे पडायचं." अख्ख्या गावानं मला गसच्या गाडीत बसवून टाकलंय, फक्त गसच पुढे बोलत नाही. माझ्याशेजारून गेला, म्हणाला, "वारा सुटणार आहे."

म्हटलं, "हो, सुटणार दिसतोय."

२० जानेवारी, सोमवार

शून्याखाली बावीस. आज मी निघायचं होतं. बॅग दारापाशी. विणलेली टोपी, पायमोजे, चौकड्यांची दुलई, आणि लेफ्से — बटाट्याच्या पातळ पोळ्या, मारितला लोणी-साखर लावून लागतात. काल दुसऱ्या बटाट्यांच्या केल्या.

तिला फोन केला आणि टायरची कथा सांगितली. ती हसली, पण कमी हसली. म्हणाली, "मग येऊ नकोस आजी. रस्ते वाईट आहेत. शेजारची बाई सोडेल म्हणालीये मला हॉस्पिटलात."

मी म्हटलं, "मी येते गं कशीतरी."

"नको. खरंच नको. कोडी येईलच तीसला."

"बघ, येते मी."

"नको आजी. मी ठीक आहे."

म्हटलं बरं. तू म्हणतेस तसं. फोन ठेवला तेव्हा खरं सांगते, जीव थोडा हलका झाला. दमले आहे मी. ह्या टायरांनी दमवलं. कंबर, थंडी, रोजची ती आशा. बॅग आत नेऊन ठेवली. कोचावर तशीच पडले, बूटसुद्धा काढले नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

गस खिडकीवरून गेला. थांबला नाही. आर्लोचा फोन नाही. लेफ्से मीच खाल्ल्या, चार.

२२ जानेवारी, बुधवार

व्हँजी आली, तिची भाची सोडून गेली. ओव्हरकोट काढायच्या आधीच म्हणाली, "ऑर्डेला, गसला काय म्हणालीस तू?"

"काय म्हणणार? नको म्हटलं. दोनदा."

"दोनदाच?"

"तो दोनदाच विचारतो तर मी काय करू!"

तेव्हा तिनं सांगितलं. काल हॉटेलात पुरुषांच्या टेबलावर गसला कोणीतरी टोचलं की ऑर्डेलाला कधी नेतोस. तर गस म्हणाला म्हणे, "मी दोनदा विचारलंय. एकटा माणूस एकट्या बाईला तिसऱ्यांदा विचारायला लागला की ते मग गाडीबद्दल राहत नाही." टेबलभर हसले. गस उठून गेला, पुढ्यातली पाई, फळं भरून भाजलेली ती, अर्धी तशीच टाकून. गस हॉटेलातली पाई कधी टाकत नाही.

मी व्हँजीला म्हटलं, काहीतरी काय बोलतेस. ती म्हणाली, "मी नाही, तो बोलला. कॉफी दे."

मी तिला तीनदा विचारून मग दिली. उगीचच, रागानं.

२३ जानेवारी, गुरुवार

आज भांडी घासताना हात पाण्यातच राहिले.

मारित पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली तो दिवस आठवला. सात वर्षांची, लोर्नाचा स्वेटर घातलेला, बाह्या गुडघ्यापर्यंत. मी सफरचंदाची पाई कापली. खातेस? नको. खा की. नको आजी. आणि मी तिसऱ्यांदा विचारलं, आणि ती जी खायला लागली, अर्धी पाई संपवली. दोन दिवसांची उपाशी होती. दोन दिवस लोकांनी तिला दोन-दोनदाच विचारलं असणार. त्या संध्याकाळी मी तिला जवळ घेऊन म्हटलं होतं, शहाणी गं माझी ती, रीत कळते तुला. कौतुक केलं होतं मी तिचं!

आणि सोमवारी ती म्हणाली नको आजी. मी म्हटलं येते. ती म्हणाली नको. मी म्हटलं येते. ती म्हणाली नको.

आणि मी फोन ठेवला.

तिकडे ती एकटी, पोट घेऊन, शेजारच्या बाईच्या भरवशावर, मी तिसऱ्यांदा म्हणायची वाट बघत बसली असेल. माझ्याकडे गाडी नाही म्हणून नव्हे. गाडी गावात प्रत्येकाकडे आहे. मी इथे दहा दिवस एका टायरच्या नावानं रडते आहे, आणि टायर बिचारा काय, त्याच्यात हवा नाही हे तो दाखवत नाही एवढंच. आम्ही तरी कुठे दाखवतो. मारित ठीक आहे म्हणते, मी बघू म्हणते, गस वाऱ्याबद्दल बोलतो.

आज जमणार नाही, हिमवादळ आहे, समोरचं घर दिसत नाही. उद्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

हे घाईत लिहिते आहे. गसच्या पिकअपमध्ये बसून, अक्षर नाचतंय.

सकाळी वारा पडला. कोट घातला, बॅग घेतली आणि रस्ता ओलांडला. आयुष्यात कुणाकडे काही मागायला गेले नव्हते, साखरसुद्धा नाही. साखर संपली की मी बिनसाखरेचं करते. दार वाजवलं. गसनं उघडलं, पँटचे पट्टे खांद्यावरून खाली लोंबत होते, दाढीला साबण.

मी म्हटलं, "गस, मला मारितकडे घेऊन चल."

तो म्हणाला, "कधी?"

"आत्ता."

"आत ये. साबण पुसतो."

मी म्हटलं, नको, इथेच थांबते. लगेच जीभ चावली आणि आत गेले.

त्याची पिकअप माझ्या लग्नाच्या विसाव्या वर्षीची असेल, दार दोरीनं बांधलेलं. पण मागे दोन स्टेपन्या, जॅक, फळी, फावडं, वाळूचं पोतं, आणि कॉफीच्या डब्यात मेणबत्त्या. बघूनच मला बरं वाटलं. इंजिन गोठू नये म्हणून पुढून विजेची वायर घरात ओढलेली होती. ती काढताना तो ओशाळल्यासारखा दिसला. म्हटलं, "कुठे जाणार होतास का?"

"नाही."

"मग वायर लावलीस ती?"

तो वायर कोपरावर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "सोळा तारखेपासून लावतोय. रोज. म्हटलं, न जाणो."

सत्तर मैल झाले. एकदा त्यानं थर्मास पुढे केला आणि मी पहिल्याच विचारण्याला घेतला. कॉफी फार वाईट करतो.

२५ जानेवारी, शनिवार

मारितनं दार उघडलं आणि म्हणाली, "कशाला आलीस आजी, नको म्हटलं होतं ना," आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मोठं पोट मधे, नीट जवळही घेता येईना. मी म्हटलं, मी तिसऱ्यांदा म्हणायचं विसरले होते. तिला कळलं.

शेजारच्या बाईला तिनं अजून विचारलेलंच नव्हतं. बाई "सांग हं काही लागलं तर" म्हणाली होती एकदा.

गस कॉफीसुद्धा न घेता परत गेला. बर्फ येतोय म्हणाला.

२७ जानेवारी, सोमवार

पहाटे कळा. शेजारच्या बाईचं दार मी वाजवलं, हॉस्पिटलात सोड म्हणून मी मागितलं, आयुष्यात दुसऱ्यांदा. सवय लागेल. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मुलगी! सात पौंड, काळं जावळ, हनुवटी लोर्नाची. मारितनं माझा हात असा धरला होता की अंगठीचा वळ उठलाय. आज कंबर दुखत नाही. म्हणजे दुखते, पण कोण ऐकतंय.

२९ जानेवारी, बुधवार

आर्लोचा फोन. दुसरा टायर आला, ह्या वेळी शहरात नेऊन चढवून आणला. गाडी तयार. "चिकटपट्टी काढलीय मी काकू," म्हणाला. मी म्हटलं, "पोरा, साधे चार टायर मिळतात का ते बघ. आणि एक जास्तीचा, बटाट्याच्या जागी."

"एवढ्याशा खड्ड्यात नाही बसायचा."

"मग मागच्या सीटवर ठेव. मी कुठे कुणाला मागे बसवते."

कोडी उद्या येतोय. रविवारी मला तो घरी सोडेल म्हणतो.

३० जानेवारी, गुरुवार

बाळ झोपलंय. कोडी तिच्यासमोर जमिनीवर बसलाय, बूट न काढता.

गसचा फोन आला होता. वाऱ्याबद्दल बोलला, माझ्या दारातला बर्फ काढल्याचं बोलला. मग म्हणाला, "ऑर्डेला, मी येऊ का तुला न्यायला?"

हे तिसरं.

मी हो म्हटलं. कोडी सोडणार होता, ते मी गसला सांगितलं नाही.